रस्त्याचे भाडे आणि रस्त्याचा दंड

सायंकाळच्या वेळी आपल्या शनवारा दरवाज्यापाशी पाच मिनिटे उभे राहून पाहावे. केळीच्या घडांनी भरलेला ट्रक, यंत्रमागाच्या कापडाचे गठ्ठे वाहणारी तीनचाकी, प्रवाशांनी गच्च भरलेली रिक्षा, एमपी ६८ ही आपल्या जिल्ह्याची अक्षरे मिरविणाऱ्या मोटारसायकली आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या रावेर-मुक्ताईनगरकडील एमएच १९ च्या गाड्या, असा सारा मेळा एकाच वेळी पुढे सरकत असतो. प्रथमदर्शनी येथे कसलाच नियम नाही असे वाटते. परंतु थोडे निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. जाणारा आपल्या डाव्या हाताने जातो, येणाराही आपल्या डाव्या हाताने येतो, आणि म्हणूनच हा मेळा हलतो तरी. हा नियम आपल्या वाडवडिलांनी ठरविलेला नाही. तो ब्रिटनमधून आला, आणि त्याच्यामागोमाग क्रमांकाची पाटी, चालकाचा परवाना, सक्तीचा विमा व शिकाऊ चालकाच्या गाडीवरील तांबडे ‘एल’ अक्षर हेही तेथूनच आले. हे नियम त्या देशात का झाले, आज तेथे गाडी उभी करण्याचे भाडे व नियमभंगाचा दंड कसा घेतात, आणि त्यातले काय आपल्याकडे आले व काय आले नाही, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय काहीसा रुक्ष आहे. परंतु शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर सुरू होणाऱ्या स्कूटरींचा आवाज ऐकला म्हणजे तो आमच्या वाचकांपासून फार दूरचा आहे असे काही वाटत नाही.

बऱ्हाणपूर आणि इंग्लंड यांची ओळख तशी जुनी आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा इ. स. १६१५ मध्ये सुरतेहून अजमेरास जाताना आपल्या गावी उतरला होता व येथेच त्याने शाहजादा पर्वेझची भेट घेतली होती. पुढे १७३१ मध्ये निजाम आसफजाहाने गावाभोवती तट बांधविला. त्या तटातील वेशींची मापे ज्यांनी घेतली त्यांच्या मनात हत्ती असेल, पालखी असेल, उंटांची रांग असेल. मोटार खात्रीने नव्हती. लंडनच्या जुन्या गल्ल्यांची गोष्टही याहून निराळी नाही. रस्ता आधी झाला व मोटार मागाहून आली. तेव्हा या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

डाव्या बाजूने जाण्याची सक्ती इंग्लंडमध्ये १८३५ च्या राजमार्ग कायद्याने झाली. त्या वेळी रस्त्यावर घोडागाड्याच होत्या. वाफेच्या गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या तेव्हा लोक भयभीत झाले, आणि १८६५ मध्ये पार्लमेंटने एक असा कायदा केला की ज्याचे आज हसू येते. यंत्राच्या गाडीने गावाबाहेर ताशी ४ मैल व गावात ताशी २ मैल यांहून अधिक वेगाने जाऊ नये, आणि तिच्यापुढे ६० यार्डांवर एका माणसाने तांबडे निशाण घेऊन पायी चालावे, असा त्याचा आशय होता. निशाणाची सक्ती पुढे सैल झाली, परंतु पुढे चालणारा माणूस १८९६ पर्यंत टिकला. त्याच वर्षीच्या जानेवारीत केंट परगण्यात वॉल्टर अरनॉल्ड नावाचा एक गृहस्थ आपली मोटार ताशी सुमारे ८ मैलांच्या वेगाने हाकीत पॅडॉक वुड या गावातून गेला. पुढे माणूस नाही, निशाण नाही. गावचा शिपाई सायकलवर बसून त्याच्यामागे लागला आणि पाच मैल पाठलाग करून त्याने त्याला गाठले. अतिवेगाबद्दल न्यायालयाने १ शिलिंग दंड केला, शिवाय खटल्याचा खर्च. अतिवेगाबद्दल झालेली ब्रिटनमधील ही पहिली शिक्षा मानतात. सायकलवरच्या शिपायाने मोटार पकडावी याची मौज वाटते खरी. परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशी ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीने घेतलेला पादचाऱ्याचा तो पहिला बळी होय. तीही गाडी काही वाऱ्याच्या वेगाने चालली नव्हती.

१८९६ च्या अखेरीस वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढली, आणि १९०३ च्या मोटार कायद्याने ती २० मैल झाली. गाडीची नोंदणी, क्रमांकाची पाटी व चालकाचा परवाना या तीन गोष्टी त्याच कायद्यातून निघाल्या. परवान्यासाठी परीक्षा मात्र नव्हती. ५ शिलिंग भरावे व परवाना घ्यावा, एवढेच. मग १९३० साली एक चमत्कारिक गोष्ट घडली. मर्यादा कोणी पाळीतच नाही, तेव्हा ती ठेवून उपयोग काय, असे म्हणून पार्लमेंटने मोटारींवरील वेगमर्यादाच काढून टाकली. १९३४ मध्ये तेथील रस्त्यांवर ७,३४३ माणसे मरण पावली. त्यानंतर डोळे उघडले. १९३५ च्या मार्चपासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली आणि त्याच वर्षीच्या जूनपासून चालकांची परीक्षा सक्तीची झाली. नियम पाळला जात नाही म्हणून तो रद्द करणे आणि नियम पाळून घेण्याची सोय करणे, या दोन मार्गांतील अंतर किती मोठे असते ते त्या चार-पाच वर्षांत ब्रिटनला कळून चुकले.

तथापि १९३० च्या त्याच कायद्याने एक फार मोठे काम केले, ते म्हणजे सक्तीचा विमा. आपल्या मोटारीने दुसऱ्यास इजा झाली तर त्याची भरपाई करण्याची ऐपत प्रत्येक मोटारवाल्याची असेलच असे नाही. म्हणून प्रत्येकाने आधीच विमा उतरविला पाहिजे, असे त्याचे तत्त्व आहे. हा विमा गाडीच्या मालकासाठी नसून रस्त्याने जाणाऱ्या तिऱ्हाइतासाठी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्याकडे अखिल हिंदुस्थानासाठी पहिला मोटार कायदा १९१४ साली झाला. त्या वेळी आपला निमाड जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. दुसरा कायदा १९३९ चा. त्यात तिऱ्हाइताच्या विम्याचे प्रकरण होते, परंतु ते अमलात यावयास १९४६ चा जुलै उजाडला. आज चालू असलेला कायदा १९८८ चा असून त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आहे.

वेगाच्या मर्यादेमागे जे गणित आहे ते आमच्या विज्ञानाच्या वर्गातील आहे. ब्रिटनचे सरकार १९३१ पासून रस्त्याच्या नियमांची एक पुस्तिका प्रसिद्ध करीत आले आहे. पहिल्या आवृत्तीची किंमत अवघी १ पेनी होती. त्या पुस्तिकेच्या आजच्या आवृत्तीत एक कोष्टक आहे. ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर वेग असता धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी ९ मीटर जाते, आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटर, एकूण २३. वेग दुप्पट, म्हणजे ६० मैल केला की पहिले अंतर दुप्पट होऊन १८ होते, पण दुसरे चौपट होऊन ५५ वर जाते. एकूण ७३ मीटर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण पाठ केलेले सूत्र येथे रबर आणि डांबर यांच्या रूपाने समोर येते. आता असे समजा की १५ मीटरांवर एक मूल रस्त्यात धावत आले. ताशी २० मैलांच्या वेगाची गाडी १२ मीटरांत थांबते. मुलाच्या अलीकडे तीन मीटर. ३० मैलांच्या गाडीस त्या जागी पोहोचेपर्यंत ब्रेकचे केवळ ६ मीटर मिळालेले असतात, आणि हिशेब करून पाहिला तर ती अजून ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेगात असते. वेल्स प्रांताने २०२३ च्या सप्टेंबरात वस्तीतील बहुतेक रस्त्यांची मर्यादा ३० वरून २० मैलांवर आणली ती याच हिशेबाने. लोकांनी कुरकुर पुष्कळ केली.

आता भाड्याकडे वळू. चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी अधिक जागा अडविते, हे शहरांना उशिरा कळले. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करण्याचे पैसे घेणारे पहिले यंत्र अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे १९३५ साली बसले. लंडनमध्ये ते १९५८ च्या जुलैत ग्रोव्हनर चौकात आले. दर तासाला ६ पेन्स. रस्ता सर्वांचा आहे. त्याचा तुकडा जो आपल्यापुरता अडवितो त्याने तेवढ्या वेळेचे भाडे भरावे, हा त्यामागचा विचार. आज तेथे नाण्यांच्या यंत्रांऐवजी बहुधा दूरध्वनीवरूनच पैसे भरतात. कोठे उभे राहावे व कोठे राहू नये हे रस्त्यावरच रंगविलेले असते. कडेला दोन पिवळ्या रेषा असल्या तर गाडी कधीही थांबवून ठेवावयाची नाही; एक असली तर शेजारच्या पाटीवरील वेळेत नाही; तांबड्या रेषांपाशी क्षणभर थांबणेही वर्ज्य. पादचाऱ्यांच्या पट्ट्यांच्या दोन्ही अंगांस पांढऱ्या नागमोडी रेषा असतात, तेथे गाडी उभी करणे हा गुन्हाच, कारण उभ्या गाडीआडून ओलांडणारा माणूस दिसत नाही. आपल्याकडे पुण्यास गेलेल्यांनी सम तारखेस एका बाजूस व विषम तारखेस दुसऱ्या बाजूस गाड्या लावण्याची रीत पाहिली असेल. आम्हांस ती युक्ती मोठी आवडते. फक्त सकाळी उठून तारीख पाहण्याची सवय पाहिजे. लंडनने तर २००३ च्या फेब्रुवारीपासून शहराच्या मध्यभागी मोटार नुसती आणण्याचेही शुल्क लावले. आरंभी ते दिवसाला ५ पौंड होते, २०२० मध्ये १५ पौंडांवर गेले.

भाडे चुकविले, वेळ उलटली अथवा पिवळ्या रेषेवर गाडी ठेवली की दंडाची नोटीस येते. लंडनबाहेरील इंग्लंडच्या पुष्कळ शहरांत ही रक्कम चुकीच्या मानाने ५० किंवा ७० पौंड असते, आणि १४ दिवसांत भरल्यास निम्मीच घेतात. नोटीस चुकीची वाटली तर प्रथम नगरपालिकेकडे व तेथे दाद न लागल्यास स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येते. याशिवाय दुकानांच्या आवारातील खासगी वाहनतळांचा प्रकार निराळाच आहे. तेथे दंड करण्याचा अधिकार कोणाचा? कायद्याच्या दृष्टीने तो दंड नव्हेच, करारभंगाची रक्कम होय. आवारात लावलेली पाटी हाच करार. चेम्सफर्ड येथील अशाच एका तळावर दोन तास मोफत होते, आणि एक मोटारवाला ५६ मिनिटे अधिक थांबला. त्याच्याकडून ८५ पौंड मागण्यात आले. तो भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१५ मध्ये हरला. पाटी पुरेशी मोठी व स्पष्ट होती, असे न्यायालयास दिसून आले. पाट्या वाचीत जाव्यात, एवढे तरी त्या गृहस्थाने पुढच्या लोकांस शिकविले.

येथवर सगळा पैशांचा व्यवहार झाला, आणि पैशांच्या दंडात एक मूळचा दोष आहे. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याला दंड हे नुसते भाडेच वाटते. शंभर पौंड टाकावे व वेगाने जावे! या दोषावर ब्रिटनने दोन उपाय केले आहेत. पहिला असा की अतिवेगाचे प्रकरण न्यायालयात गेले म्हणजे दंड त्या माणसाच्या आठवड्याच्या मिळकतीवर ठरतो. अपराधाच्या मानाने मिळकतीच्या निम्म्यापासून दीडपटीपर्यंत, अर्थात कमाल मर्यादेच्या आत. दुसरा उपाय अधिक मार्मिक आहे. १९८२ पासून परवान्यावर दोषगुण मांडण्याची पद्धत सुरू झाली. अतिवेगाच्या साध्या प्रकरणी १०० पौंड आणि ३ गुण. गाडी चालविताना हातात मोबाइल धरला तर २०० पौंड आणि ६ गुण. विम्यावाचून गाडी चालविली तर ३०० पौंड व ६ गुण. तीन वर्षांत १२ गुण भरले की सामान्यतः निदान सहा महिने परवाना जातो. आमच्या परीक्षेतील गुण वाढले तर आनंद होतो, येथे उलट आहे. नव्या चालकांस तर पहिल्या दोन वर्षांत ६ गुण झाले तरी परवाना गमवावा लागतो, म्हणजे एकदा मोबाइल कानास लावणे पुरे. श्रीमंताचे ६ गुण आणि गरिबाचे ६ गुण सारख्याच वजनाचे असतात, हे या पद्धतीचे खरे बळ आहे.

लंडनमध्ये मराठी माणसांची वस्ती जुनी असून तेथील महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे. इकडून तिकडे राहावयास गेलेल्या माणसास आपल्या भारतीय परवान्यावर बारा महिने गाडी चालविता येते. पुढे तो परवाना तेथे बदलून मिळत नाही. वीस वर्षे स्टिअरिंग धरलेल्यासही तांबडी ‘एल’ची पाटी लावून नव्याने परीक्षेस बसावे लागते. लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ उत्तरे बरोबर यावी लागतात.

या सर्वांचे फळ काय? २०२२ मध्ये इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड मिळून रस्त्यांवरील मृत्यू १,७११ झाले. त्याच वर्षी भारतात १,६८,४९१ झाले. आपली लोकसंख्या त्यांच्या वीस-बावीस पट आहे, मृत्यू मात्र जवळजवळ शंभर पट. त्यांच्याकडे मोटारी आपल्याहून कमी आहेत असे म्हणावे, तर माणसामागे त्या पुष्कळच अधिक आहेत. आणि नियम आपल्याकडे सौम्य आहेत असेही नाही. ब्रिटनने १९६७ मध्ये चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तातील मद्यार्काची मर्यादा ८० मिलिग्रॅम ठरविली, स्कॉटलंडने २०१४ मध्ये ती ५० वर आणली; आपल्या कायद्यात ती ३० आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावाचून गाडी चालविल्यास ५,००० रुपये, रुग्णवाहिकेस वाट न दिल्यास १०,००० रुपयांपर्यंत, आणि हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड असून त्याशिवाय तीन महिने परवाना स्थगित होण्याची तरतूद आहे. परंतु कायदा केंद्राचा असला तरी जागच्या जागी घ्यावयाचे तडजोड शुल्क राज्य सरकार ठरविते. म्हणून एकाच चुकीबद्दल इच्छापूरच्या अलीकडे एक रक्कम व सीमेपलीकडे दुसरी, असे घडू शकते. चलान फाडले, पैसे भरले, की हिशेब मिटला असे आपण समजतो. म्हणजे दंडाचे पुन्हा भाडेच झाले. २०२२ मध्ये आपल्या देशात हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५० हजारांवर होती. त्यांतील कित्येकांनी पूर्वी केव्हा तरी ते भाडे भरलेही असेल.

राहता राहिली गोष्ट आमच्या वाचकांच्या वयाची. भारतात परवान्याचे वय १८ वर्षे पूर्ण आहे. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीस १६ वर्षे चालतात. परंतु घराघरांतून उभ्या असलेल्या स्कूटरींची इंजिने शंभराच्या वर असतात, त्यामुळे ही सवलत त्यांना लागू नाही. तेव्हा नववी-दहावीतील जो विद्यार्थी वडिलांची स्कूटर घेऊन शिकवणीस जातो तो विनापरवाना जातो, एवढे उघड आहे. ‘मी हळू चालवितो’, ‘जवळच तर जावयाचे आहे’ ही उत्तरे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत, आणि काही वेळा आम्हीच दिली आहेत.

२०१९ पासून या बाबतीत जे नवे कलम आले आहे ते वाचून पाहण्यासारखे आहे. अल्पवयीन मुलाने मोटार कायद्याखालचा गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. गाडी त्याच्या संमतीने गेली होती असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला ठाऊक नव्हते, अथवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे त्याने सिद्ध करावयाचे असते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, म्हणजे ज्या स्कूटरवर वडील रोज कामास जातात ती वर्षभर दाराशी उभी राहावयाची. आणि त्या मुलास वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही. आज जो पंधरा वर्षांचा आहे त्याचे मित्र अठराव्या वर्षी परवाना घेतील. तो त्यानंतर आणखी सात वर्षे कोणाच्या तरी पाठीमागच्या आसनावर बसलेला असेल.